खंडेनवमीची फुलं

कौशल्याला वास आला नाही, तिथून सगळं सुरू झालं. त्यातही वाईट हे, की वास आला नाही म्हणून त्या सकाळी तिला बरंच वाटलं होतं.

दसरा कालच झाला होता. खराडीतल्या त्या इमारतीत खाली सॉफ्टवेअरचं ऑफिस, वर सॉफ्टवेअरचं ऑफिस आणि मधल्या मजल्यावर कौशल्या काम करायची ती एवढीशी प्रयोगशाळा. कौशल्याने चंबू उबेत हलवत ठेवणाऱ्या कपाटातून काचेचा चंबू काढला, कापसाचं बूच जरा सैल केलं आणि सवयीने नाक जवळ नेलं. जुनं तेल आणि कपड्याचा साबण यांच्या मधला कुठलातरी एक खवट वास रोज यायचा. आज तो नव्हता. ताज्या पावासारखा गोडसर वास होता. चंबूतलं पाणीही दुधासारखं दाट झालेलं. एरवी एवढं दाट व्हायला दुप्पट वेळ लागायचा. तिने मनातल्या मनात देवीला हात जोडले.

चंबूत यीस्ट होतं. पाव फुगवतं तेच, पण या प्रयोगशाळेत घडवलेलं. साधं यीस्ट आपल्यापुरती चरबी तयार करतं आणि लगेच वापरून मोकळं होतं. इथल्या संशोधकांनी त्याच्यातले चरबी वापरणारे जीन काढून टाकले होते आणि बनवणारे वाढवले होते. त्यामुळे ते उसाची मळी खायचं आणि चरबीची आम्लं अंगाबाहेर झिरपवत बसायचं. त्या आम्लांवर पुढे प्रक्रिया केली की डिझेलसारखं इंधन. पियुषने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधकाने, या यीस्टचं नाव ठेवलं होतं स्निग्धा. कागदोपत्री तिला मोठा नंबर होता, पण तो कुणी घेत नसे. स्निग्धाची निम्मी ताकद तेलातच जायची, म्हणून ती हळू वाढायची. आजाऱ्याला जपावं तसं तिला जपावं लागे आणि ते काम कौशल्याचं.

ते तिला आवडायचंही. हिंगणघाटजवळच्या गावात तिच्या वडिलांची, हिंमतरावांची, तेलघाणी होती. मराठी शाळेतून आली की ती घाणीच्या खोलीत बसून अभ्यास करायची. जवसाचा वास वेगळा, शेंगदाण्याचा वेगळा, तेल उतरलं की वेगळा. नव्वदनंतर बाहेरून पामतेल यायला लागलं, दुकानादुकानांत पिशव्या लटकल्या आणि बघता बघता घाणी बंद पडली. त्या खोलीत वडिलांनी पुढे मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. कौशल्या बी.एस्सी. झाली, लग्न करून पुण्यात आली. नवरा योगेश रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जाई, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, आणि ती खराडीतच चालत कामाला. यीस्ट तेल देतं हे तिने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा वडिलांनी दोनदा विचारून खात्री केली होती. मग म्हणाले, "पिळल्याशिवाय तेल? दुसऱ्या कोनाले सांगू नको माय, हासतीन लोक."

पण ऐकणारे निघाले होते. एका साखर कारखान्याने आपल्या आवारातली टाकी द्यायचं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की ताजी मळी, मोठी टाकी आणि स्निग्धा. ते जमलं तर पुढचं सगळं होतं, नाही जमलं तर ही प्रयोगशाळा ठेवण्यात काही अर्थ नव्हता, हे प्रमुख नीरजा मॅडमनी सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

तर त्या एकादशीच्या सकाळी कौशल्याने दाट वाढलेलं यीस्ट छोट्या नळ्यांत भरलं आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये लावून टाकलं. दरवर्षी दसऱ्याचा मुहूर्त धरून ती स्निग्धाचा साठा असा नवा करायची. दसऱ्याला नवीन चंबू लावायचा, वाढला की नळ्या भरायच्या, मग तेलाची चाचणी, आणि चाचणी बरोबर आली की मागच्या वर्षीच्या नळ्या काढून टाकायच्या. या वेळी कप्पा गच्च भरला होता. वाढ इतकी सुरेख होती. म्हणून तिने चाचणीआधीच जुन्या नळ्या काढल्या, वाफेच्या भांड्यात घालून मारल्या आणि चाचणी दुसऱ्या दिवसावर ठेवली. जुना चंबूही त्याच भांड्यात गेला.

दुसऱ्या दिवशी तिने नव्या चंबूतला थेंब घेतला, त्यात चरबीला धरणारा रंग घातला आणि निळ्या दिव्याखाली धरला. स्निग्धा असली की थेंब केशरी चमकायचा. थेंब काळाच राहिला. तिला वाटलं रंग जुना झाला. नवी बाटली फोडली. काळाच. मग तिने नळीतलं घेतलं, दुसऱ्या नळीतलं घेतलं. आणि मग तिला तो पावाचा गोडसर वास आठवला.

नीरजा मॅडम काचेच्या पलीकडे फोनवर बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत कौशल्या दारात उभी राहिली. निघून जावं, उद्या सांगावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. फोन ठेवला तशी ती म्हणाली, "मॅडम, स्निग्धा तेल देत नाहीये."

"चंबू खराब झाला असेल. नळीतून नवीन लावा."

"नळ्या त्याच चंबूतून भरल्यात."

"मग मागच्या वर्षीच्या?"

कौशल्याचा चेहरा पाहून नीरजा मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या मारून टाकल्यात?"

"हो."

"फ्रीजमध्ये जेलीवर वाढवलेली एखादी बशी तरी?"

"घटस्थापनेच्या आधी सगळा फ्रीज धुतला, तेव्हा काढली."

नीरजा मॅडम सदाशिव पेठेतल्या. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. "छान," त्या म्हणाल्या. "स्वच्छतेत आपला हात कुणी धरणार नाही." मग थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "दुसऱ्या संस्थेत एक नळी ठेवायला द्यायची, असं मी वर्षभर नुसतं म्हणतेय. पेटंट होऊ दे, मग देऊ, म्हणत राहिले. त्याचं खापर तुमच्यावर नाही फोडता येणार."

एवढं बोलल्या म्हणून कौशल्याला रडू यायला लागलं. ओरडल्या असत्या तर आलं नसतं.

पियुषने थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बघतच राहिला. "मॅम, हे आपलं यीस्टच नाहीये. शेप बघा ना, लांबट, बारीक. वाइल्ड आहे काहीतरी. पण आलं कुठून यार?"

कौशल्याला ते तो विचारायच्या आधीच कळलं होतं.

खंडेनवमीला इमारतीचे मालक हिंदुराव आले होते. खराडी गावठाणातलं जुनं शेतकरी घराणं. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी नवमीला नांगर-कोयत्यांची पूजा त्यांनी सोडली नव्हती, आणि आता भाडेकरूंच्या यंत्रांनाही फूल वाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मार्केट यार्डातून त्यांनी झेंडूची टोपली भरून आणली होती. प्रयोगशाळा या इमारतीत याच वर्षी आली होती; आधीच्या जागेत या मंडळींची पूजा म्हणजे हळदकुंकू आणि अक्षता, तेवढंच. हिंदुरावांनी मात्र संगणकांनासुद्धा माळा घातल्या.

"आज यंत्राला हात लावायचा नाय. आज त्याची सुट्टी. सगळी बटणं बंद," ते म्हणाले होते.

"फ्रीझर सोडून," नीरजा मॅडम म्हणाल्या होत्या. "त्याला सुट्टी मंजूर नाही."

सगळे हसले होते. आणि काचेची जी पेटी, जिच्यात गाळलेली हवा आतून बाहेर वाहत असते म्हणून तिच्यापाशीच चंबू उघडायचे, तिचीही हवा त्या दिवशी बंद होती. कौशल्याने आपल्या हाताने तिच्या आत कुंकू लावलं होतं, चार फुलं ठेवली होती आणि कडेने माळ सोडली होती. सगळ्यांत पवित्र जागा तीच, असं तिच्या मनात आलं होतं. दसऱ्याच्या सकाळी लवकर येऊन तिने फुलं काढली, पेटी स्पिरिटने पुसली, हवा सुरू केली आणि चंबू उघडला.

आता तिने पेटीपुढची जाळी स्क्रू काढून उचलली. खालच्या खोबणीत झेंडूच्या पाकळ्या होत्या, सुकलेल्या, एक दोन ओल्याच. फुलातला मध खाऊन राहणारं यीस्ट असतं, हे तिने कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पाकळ्या चिमट्यात धरून ती तशीच उभी राहिली.

पियुष म्हणाला, "म्हणजे टेक्निकली देवीनेच कंटॅमिनेशन पाठवलं."

"पियुष," नीरजा मॅडम म्हणाल्या, "तुमचा तो विनोद गळीत हंगामानंतर ऐकू."

मग त्यांनी कागद ओढला. आशा एकच होती. नव्या नळ्यांमध्ये फुलातलं यीस्ट भरपूर असलं तरी त्या गर्दीत कुठेतरी स्निग्धाच्या थोड्या पेशी असणारच. त्या वेगळ्या काढायच्या. पूर्वी हे सोपं गेलं असतं. स्निग्धाच्या अंगात एका औषधाला दाद न देण्याची खूण होती. औषध घातलं की बाकी सगळं मरायचं आणि ती उरायची. पण कारखान्याच्या टाकीत औषध ओतणं कुणाला परवडणार, म्हणून ती खूण त्यांनीच मोठ्या कष्टाने काढून टाकली होती. त्याचं तेव्हा कौतुक झालं होतं, पेढे वाटले होते.

"फुलातल्या यीस्टला दारू सोसत नाही," नीरजा मॅडम म्हणाल्या. "आपल्या स्निग्धाचं मूळ कुळ पावाचं आणि दारूचंच. बशीतल्या जेलीत दारू मिसळून त्यावर पसरू. देवीची फुलं दारूला दाद देतात का, बघू."

"पण मॅडम, ती आधीच अशक्त आहे. दारू तिला तरी झेपेल का?"

"ते मला माहीत नाही," नीरजा मॅडम म्हणाल्या. एवढं सरळ 'माहीत नाही' कौशल्याने त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं.

नळ्या निम्म्या ठेवल्या आणि निम्म्या उघडल्या. काही साध्या जेलीच्या बशांवर पसरल्या, काही दारूच्या. पेटी या वेळी कौशल्याने इतकी घासली, की हाताची सालटी निघाली. बशा कपाटात लावल्या आणि वाट बघणं सुरू झालं.

वाट बघण्यात करण्यासारखं काही नसतं, हेच त्यातलं वाईट. घरी पोळ्या करपल्या. योगेश डबा भरताना म्हणाला, "अगं, मिठाचा डबा रिकामा झाला का? काल भाजीत सगळा गेलेला दिसतोय." ती हसली नाही तेव्हा त्याने डबा खाली ठेवला. "नोकरीचं काही आहे का?"

"नोकरीचं नाही. ती गेली तर दुसरी बघता येईल. ती नाही ना दुसरी मिळणार."

"कोण?"

"स्निग्धा."

योगेशला बस गाठायची होती. जाताना तो म्हणाला, "तू जाणूनबुजून नाही केलंस." ते तिलाही माहीत होतं. पण देवपूजा जाणूनबुजूनच केली होती, आणि तिथेच तिचं मन अडत होतं. सकाळी देव्हाऱ्यापुढे बसली की फूल उचलताना हात थबकायचा. देवीवर राग नव्हता. स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. इतकी वर्षं हात जोडताना आपण नुसते डोळे मिटत होतो की काय, असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी साध्या बशा भरून गेल्या. मोठे, गुळगुळीत, माजलेले ठिपके, एकमेकांना खेटून. त्या गर्दीत बारीक काही असलं तरी दिसायची सोय नव्हती. दारूच्या बशा कोऱ्या होत्या. कौशल्या एकेक बशी उजेडाकडे धरून तिरकी करून बघत गेली. कोरी. कोरी. फुलातलं यीस्ट मेलं होतं, हे खरं. आणि बहुतेक स्निग्धाही.

हिंदुरावांच्या कानावर गेलं होतं. ते जिना चढून आले आणि चपला दाराबाहेर काढून तिथेच उभे राहिले. आत यायला तयार होईनात.

"ताई, माझ्या फुलांनी झालं म्हणतात."

"फुलांनी नाही काका. ती आत ठेवली मी."

"मी आणली म्हणून ठेवली ना. आमच्या आजानं नांगराला झेंडू वाह्यला, बापानं वाह्यला. कधी शेतात काय वाकडं झालं नाय." ते जरा थांबले. "नांगर उघड्यावरच असतो, ही गोष्ट निराळी. आता काय करायचं? शांत करायची का? गुरुजी आपल्या ओळखीचे हायत."

नीरजा मॅडम आतून म्हणाल्या, "हिंदुराव, तूर्त एवढंच करा, की या मजल्यावर कुणाला काही वाहू देऊ नका. गुरुजींनासुद्धा."

"बरं डॉक्टरीणबाई," ते म्हणाले आणि खाली गेले. जाताना पायऱ्यांवर पडलेली एक वाळकी पाकळी त्यांनी वाकून उचलली आणि खिशात घातली.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. तिचा आवाज ऐकून म्हणाले, "काहून गप्पच हायस माय? तब्येत बरी नाही का?"

तिने सांगितलं, जमेल तसं. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "घाणीत आधी पेंडच दिसते. तेल मागून येते. तुह्यं ते बी हळूच वाढते म्हनलं होतं ना तू? मंग बशा ठेव ना अजून. फेकू नको."

फेकायचं तिच्या मनात नव्हतंच. तरी ते ऐकून बरं वाटलं. कोणीतरी सांगायला हवं होतं.

पुढचा दिवस कोरा गेला. पियुषने कारखान्याला पाठवायच्या पत्राचा मसुदा केला, 'काही तांत्रिक अडचणींमुळे' असा, आणि नीरजा मॅडमनी तो वाचून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. पाठवाही म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत. कौशल्या दर थोड्या वेळाने कपाटाशी जाई आणि दार न उघडता परत येई. सारखं उघडलं तर गारवा लागेल, म्हणून.

त्यानंतरच्या सकाळी तिने दार उघडलं. पहिली बशी कोरी. दुसरी कोरी. तिसरीत काचेवर धूळ बसली आहे असं वाटून तिने पदराने खालची बाजू पुसली. धूळ गेली नाही. धूळ आतून होती. टाचणीच्या टोकाएवढे, फिके, अंतर राखून बसलेले ठिपके.

तिने कुणाला हाक मारली नाही. बशी पेटीपाशी नेली, सुईच्या टोकाने एक ठिपका उचलला, रंगात घातला. निळा दिवा लावला. थेंब केशरी झाला. तरी तिचा विश्वास बसेना. दुसरा ठिपका घेतला, तो काळा. तिसरा केशरी. म्हणजे सगळे ठिपके तिचे नाहीत, पण आहे. ती आहे.

नीरजा मॅडम आल्या, त्यांनी दिव्याखाली वाकून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "पियुष, ते पत्र द्या." घेतलं आणि त्याची घडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "हं. आता डगमगणार नाही."

पण कौशल्याचा घोर सरला नव्हता. बशीवरचा ठिपका वेगळा आणि चंबूत वाढणं वेगळं. चार ठिपके चार चंबूंत लावले. स्निग्धा नेहमीच्याच चालीने वाढली, हळू, कुरकुरत, आणि त्या हळूपणाचाच आता तिला आधार वाटत होता. चंबू जरा गढूळ झाला तेव्हा नीरजा मॅडम म्हणाल्या, "वास घ्या."

"तुम्ही घ्या मॅडम."

"मला पडसं आहे. आणि ते तुमचं काम आहे."

कौशल्याने बूच सैल केलं. खवट, साबणासारखा वास आला. तरी आपल्याला हवा म्हणून येतोय की काय, असं वाटून तिने चंबू पियुषपुढे धरला. त्याने नाक मुरडलं. "ई. हा तर आमच्या पीजीच्या किचनचा वास आहे."

तेव्हा कुठे तिने बूच पुन्हा घट्ट केलं.

नव्या नळ्या भरल्या, पण या वेळी आधी चाचणी केली. दोन नळ्या बर्फात घालून नीरजा मॅडम स्वतः दुसऱ्या संस्थेत ठेवायला घेऊन गेल्या. कारखान्याला एवढंच कळवलं, की थोडा उशीर होईल, हंगामाच्या मध्यावर येऊ. तिथे मोठ्या टाकीत, उघड्या आवारात, मळीच्या माश्यांमध्ये स्निग्धाचा निभाव लागेल का, ही नवी काळजी कौशल्याच्या मागे लागलीच होती. ती काळजी तिला टाळायचीही नव्हती.

घरी जाताना ती गावठाणातल्या देवीच्या देवळात थांबली. बाहेर फुलवाली झेंडू विकत बसली होती. कौशल्याने माळ घेतली. घेताना पाकळ्यांच्या तळाशी बोट लागलं, तिथे किंचित चिकट होतं. त्यात काय असतं ते आता तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेही देवीनेच केलेलं, हेही. तिने माळ देवीला घातली, डोळे मिटले नाहीत, नीट बघून नमस्कार केला.

सकाळी कामावर आल्यावर पेटीपाशी जाण्याआधी तिने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा एकदा धुतले.